एक खुर्ची कमी

सात मार्च. नारिनच्या गटारांवर अजून बर्फ आहे,
धुळीनं काळा पडलेला.
नगरपालिकेचा शिक्का मिळालेला नाही.
ज्याच्याकडे शिक्का, तो जेवायला गेलाय.
सकाळी दहा वाजता.

बुरुल्चा यादी वाचते:
शाळेतून खुर्च्या एकशे वीस,
माईक दोन (एक खरखरतो, तो मंत्रालयाच्या पाहुण्यांना),
बोरसोक तळायला पीठ पंधरा किलो,
आणि कापड. पांढरं.
नुसती लगीनघाई, मी म्हणते,
आणि जीभ चावते.

कापडवाली विचारते, कुणाकडे सून येतेय?
एवढं पांढरं इथे कुणी नेत नाही
डोक्यावर घालायचं नसलं तर.
फलक करायचाय, मी सांगते.
तिची कात्री थांबते.
मग अर्धा मीटर पुढे सरकते.
वरच्याचे पैसे घेत नाही.
तिला काहीतरी विचारायला हवं होतं.
वेळ नव्हता.
आमच्या कामात हे वाक्य फार वेळा येतं.

दोन वाजता फोन. साबिरच्या व्हॅनमध्ये
खुर्च्या कशाबशा कोंबून झाल्यायत,
मी पायरीवर बसून समसा खातेय.
म्हातारा आवाज, कुजबुजता:
नातवानं पोरगी उचलून आणलीय.
मला म्हणतायत, उंबऱ्यात आडवी पड,
म्हातारीला ओलांडून कुठली पोर जाते?
मी म्हटलं, गुडघे वाकत नाहीत.
चाळीस वर्षं दुखतायत मेले, आज कामी आले.
तुम्ही या.

खुर्च्या उतरवायला वीस मिनिटं लागली असती.
तशाच निघालो.
चढावर सगळ्या मिळून खडखडत होत्या.
पोलीसचौकीतला माणूस फोनवर म्हणाला,
घरगुती मामला आहे, ताई,
आणि उद्याच्या शुभेच्छा.

अंगणात बायका चहा ओतत होत्या.
एकीनं मलाही कप दिला, सवयीनं.
बेगायिम पडद्यामागे बसलेली,
रुमाल डोक्यावर नाही, मुठीत.
बुरुल्चा कायद्याचं कलम वाचत होती, आवाज चढवून,
नवऱ्यामुलाची आई त्याहून चढवून,
आणि दारात काठी टेकून कालिपा आजी, उभी.
मला आणलं, ती म्हणाली, कुणाकडेही न बघता,
तेव्हा आडवी पडलेली बाई माझ्याएवढीच म्हातारी होती.
मी ओलांडलं नाही. पाप लागतं म्हणायचे.
मग थोडी थांबून:
पाय थरथरतायत. बसायला काही आहे का?

साबिरनं व्हॅनमधून खुर्ची काढली.
शाळेची, निळी, पाठीवर कुणीतरी कर्कटकानं कोरलेलं नाव.
आजीनं ती उंबऱ्यात ठेवली,
उघड्या दाराला चिकटून,
आणि बसली.
आता दार लावायचं तर
आजीला उचलावं लागणार होतं.
बेगायिम तिच्या गुडघ्यांना घासून बाहेर आली.

परतताना ती एक शब्द बोलली नाही.
दोन्ही हातांनी खुर्च्यांचे पाय धरून बसली होती
वाजू नयेत म्हणून.
घाट उतरल्यावर विचारलं,
सोमवारी माझा रसायनशास्त्राचा पेपर आहे,
पोचेन ना?

रात्री ऑफिसात आयझिरेक रडकुंडीला आलेली.
'माझी संमती' एवढं झोकात रंगवलं,
आणि कापड संपलं.
'नाही' मावत नव्हतं.
मी कापडवालीचा तुकडा शोधून काढला,
सुई बेगायिमनं ओवली.
माझे चष्म्याशिवाय हाल.
टाके वाकडे आले. लांबून दिसणार नाहीत.
जवळून दिसतील.

शिक्का मिळाला, साडेआठला, शाई पुसट.
पीठ भिजवलंय.
तो खरखरणारा माईक अचानक चांगला वाजतोय,
आता पाहुण्यांना काय द्यायचं?

शाळेच्या शिपायानं खुर्च्या मोजल्या, दोनदा.
एकशे एकोणीस.
एक कुठाय?
कामावर आहे, साबिर म्हणाला.
शिपायानं वहीत काय लिहिलं
मी पाहिलं नाही.